नकारानंतरचे कर्तव्य



भिंतीवरचे बटण दाबले की घरात उजेड पडतो. तो उजेड कोठून आला, त्यासाठी कोणाचे रान गेले, कोणाची नदी अडविली गेली, हे विचारण्याची सवय आपणांपैकी फारच थोड्यांना असते. परंतु ज्या गावाच्या शिवारात वीज उत्पन्न करणारे केंद्र उभे राहावयाचे असते, त्या गावाला हा प्रश्न विचारल्यावाचून गत्यंतर नसते. त्यातून ती वीज अणूपासून निघणारी असेल, तर त्या प्रश्नाने घराघरांत वाद पेटतात, शेजारी शेजाऱ्याशी बोलेनासा होतो, आणि अखेर कोणी तरी मिस्सेनंतर आम्हां धर्मगुरूंना गाठून विचारतो, ‘‘फादर, ह्यात बरोबर कोण?’’ ह्या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही. म्हणून आज एका खेड्याची हकीगत सांगावी असे आम्ही योजिले आहे. ज्याला आज सारे जग ‘हरित राजकारण’ म्हणून ओळखते, त्याच्या उगमस्थानांपैकी हे एक खेडे होय.

प्रथम अणुवीज म्हणजे काय, ते थोडक्यात पाहू. युरेनियम ह्या धातूच्या अणूचे विभाजन केले असता प्रचंड उष्णता निर्माण होते. त्या उष्णतेने पाण्याची वाफ करावयाची, वाफेने चक्र फिरवावयाचे आणि चक्राच्या गतीतून वीज काढावयाची, असा हा प्रकार आहे. ह्यात कोळसा जळत नाही आणि आकाश काळवंडत नाही. हा गुण लहान नव्हे. परंतु चुलीत जशी राख उरते, तसे येथेही काही उरते, आणि ती राख साधी नसते. डोळ्यांना न दिसणारे घातक किरण तिच्यातून निघत राहतात. तिच्यात प्लुटोनियमचा जो एक प्रकार असतो, त्याचे तेज निम्म्यावर येण्यास सुमारे २४,००० वर्षे लागतात. ख्रिस्तजन्माला अवघी दोन सहस्र वर्षे झाली आहेत, एवढे ध्यानात घेतले म्हणजे आपण पुढील पिढ्यांच्या गळ्यात काय बांधीत आहो, ह्याची कल्पना येईल.

आता त्या खेड्याकडे वळू. जर्मनीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, ऱ्हाइन नदीच्या काठी, कायझरश्टूल नावाच्या टेकड्या आहेत. त्यांच्या उतारांवर द्राक्षमळे आहेत, आणि पायथ्याशी नदीलगत जुने, दमट रान आहे. ह्या रानाला लागून वील नावाचे गाव वसलेले आहे. वस्ती पूर्वापार कॅथलिक. शेजारचे वाइसवाइल हे गाव प्रोटेस्टंट पंथाचे. नदीच्या पलीकडे फ्रान्सचा आल्सास प्रांत लागतो. सत्तर-पाऊणशे वर्षांच्या काळात ह्या दोन तीरांमध्ये तीन युद्धे झाली, पण दोन्ही तीरांवरच्या शेतकऱ्यांची बोली मात्र एकच राहिली. ही गोष्ट पुढे फार उपयोगी पडली.

१९७३ च्या जुलै महिन्यात नभोवाणीवरून वार्ता आली की, वीलच्या रानात अणुवीज केंद्र होणार. ते आधी थोड्या अंतरावरील ब्रायझाख येथे व्हावयाचे होते, परंतु तेथील शेतकऱ्यांनी विरोध केल्यावर जागा बदलण्यात आली. विरोध करणारे हे लोक शास्त्रज्ञ नव्हते. त्यांची पहिली शंका अगदी साधी, शेतकऱ्याची शंका होती. केंद्राच्या शीतक मनोऱ्यांतून रात्रंदिवस वाफ निघणार, तिचे धुके टेकड्यांवर बसणार, आणि द्राक्षाला जे ऊन हवे ते मिळणार नाही. किरणोत्साराची भीती त्यांना नंतर कळली. आधी कळले ते ऊन आणि धुके.

त्याच सुमारास पलीकडच्या तीरावर, मार्कोल्सहाइम येथे, शिशाची भुकटी हवेत सोडणारा एक कारखाना निघावयाचा होता. १९७४ च्या सप्टेंबरात दोन्ही तीरांवरच्या लोकांनी त्या जागेवर ठाण मांडले आणि ऐन हिवाळ्यात ते तेथून हलले नाहीत. ज्यांच्या वडिलांनी एकमेकांवर बंदुका रोखल्या होत्या, ती माणसे एका शेकोटीभोवती बसली. १९७५ च्या फेब्रुवारीत फ्रेंच शासनाने त्या कारखान्याला परवानगी नाकारली. वीलच्या लढ्याचे पहिले शिक्षण लोकांना येथे मिळाले.

ह्यापुढची जागा आमच्या मते साऱ्या हकीगतीत सर्वांत कठीण आहे, आणि म्हणून आम्ही ती गाळू इच्छीत नाही. केंद्रासाठी लागणारी जमीन गावाच्या मालकीची होती. ती विकावी की नाही, ह्यावर १२ जानेवारी १९७५ रोजी वीलमध्ये मतदान झाले. सुमारे ५५ टक्के मते विक्रीच्या बाजूने पडली. म्हणजे गावाने, निदान गावातील बहुमताने, होकार दिला. त्यांना दोष कसा द्यावा? गावाला पैसा मिळणार होता, मुलांना नोकऱ्या लागणार होत्या. पण उरलेल्यांचे म्हणणे असे की, धुके आणि किरण गावच्या शिवेपाशी थांबत नाहीत. शेजारच्या ज्या गावांना मतदानाचा अधिकारच नव्हता, त्यांनी कोठे जावे? दोन्ही बाजू खऱ्या होत्या. एकाच घरातील माणसे दोन बाजूंना उभी राहिली.

फेब्रुवारीत काम सुरू होताच, १८ तारखेला, लोक रानात शिरले व यंत्रांपुढे उभे राहिले. त्यांत बायकांची संख्या मोठी होती. दोन दिवसांनी पोलिसांनी पाण्याचे फवारे मारून त्यांना हुसकून लावले. परिणाम उलटा झाला. २३ फेब्रुवारी रोजी, रविवारी, सुमारे २८,००० लोक तेथे जमले आणि जागा पुन्हा त्यांच्या ताब्यात आली. त्यानंतर कित्येक महिने, नोव्हेंबरपर्यंत, तेथे पाळीपाळीने पहारा चालला. शेतकरी मळ्यातले काम उरकून येत, बायका भाकरी-पाव घेऊन येत.

त्या रानात लोकांनी लाकडाचे एक गोल घर उभारले आणि त्यात शाळा भरविली. शाळा मुलांची नव्हती, मोठ्यांची होती. विद्यापीठांतील विद्वान, वैद्य, वकील तेथे येऊन बोलत, आणि द्राक्षमळ्यातली माणसे त्यांना प्रश्न विचारीत. अणू म्हणजे काय, किरणोत्सार म्हणजे काय, वीज किती लागते, ती आणखी कशापासून काढता येईल, हे सारे विषय तेथे निघाले. ज्यांचे शिक्षण गावच्या शाळेत संपले होते, ते शेतकरी पुढे न्यायालयात व सभांत आकडे मांडू लागले.

राज्याचे मुख्यमंत्री हान्स फिल्बिंगर ह्यांनी त्या वेळी बजावले होते की, वीलचे केंद्र झाले नाही, तर दशक संपता संपता राज्यात दिवे विझू लागतील. येथे हेही सांगितले पाहिजे की, केंद्र उभारणाऱ्या वीज कंपनीत राज्य सरकारचाच मोठा वाटा होता. परवाना मागणारा आणि परवाना देणारा एकाच घरचा असल्यावर लोकांचा विश्वास कसा बसावा?

पुढे दावा न्यायालयात गेला. १९७७ च्या मार्चमध्ये फ्रायबुर्गच्या न्यायालयाने अणुभट्टीचे पात्र फुटल्यास त्यापासून संरक्षण देणारे अधिक भक्कम कवच हवे, असे सांगून परवाना रद्द ठरविला. १९८२ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो निर्णय फिरविला, तेव्हा लोक पुन्हा हजारोंनी जमले. अखेर १९८३ मध्ये सरकारनेच सांगितले की, तूर्त ह्या केंद्राची आवश्यकता नाही. केंद्र कधीच झाले नाही, आणि दिवेही विझले नाहीत. १९९५ पासून ते रान संरक्षित निसर्गक्षेत्र आहे.

एका खेड्याच्या ह्या नकाराने साऱ्या जर्मनीत हालचाल झाली. अशाच ठिकठिकाणच्या नागरिक-मंडळांतून जानेवारी १९८० मध्ये कार्ल्सरुहे येथे ‘हरित’ पक्षाची स्थापना झाली. त्याच्या पहिल्या पुढाऱ्यांत पेट्रा केली ही तरुण स्त्री होती. तिची धाकटी बहीण बालवयातच कर्करोगाने वारली होती, आणि त्या दुःखाने तिला किरणांच्या परिणामांचा अभ्यास करावयास लावले. १९८३ च्या निवडणुकीत ५.६ टक्के मते मिळवून हा पक्ष राष्ट्रीय संसदेत शिरला. १९८६ मध्ये चेर्नोबिलचा आणि २०११ मध्ये फुकुशिमाचा अपघात झाला. फुकुशिमानंतर दोनच आठवड्यांनी बादेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात, म्हणजे वीलच्याच राज्यात, निवडणूक झाली व तिच्यातून विनफ्रीड क्रेट्शमन हे हरित पक्षाचे पहिले मुख्यमंत्री झाले. ते श्रद्धावान कॅथलिक गृहस्थ आहेत. १५ एप्रिल २०२३ रोजी जर्मनीतील शेवटच्या तीन अणुभट्ट्या बंद झाल्या.

येथवर वाचून कोणी म्हणेल, ‘‘तर मग नकार देणे एवढेच आमचे काम!’’ तसे नाही. वीलच्या लोकांचे आम्हाला जे विशेष वाटते, ते त्यांनी नकारानंतर जे केले त्यात आहे. १९७६ मध्ये, लढा चालू असतानाच, शेजारच्या झासबाख गावात त्यांनी सूर्यशक्तीचे प्रदर्शन भरविले. १९७७ मध्ये फ्रायबुर्ग येथे पर्यावरणाचा स्वतंत्र अभ्यास करणारी संस्था निघाली, आणि १९८१ मध्ये त्याच शहरात सूर्यशक्तीच्या संशोधनाची मोठी संस्था सुरू झाली. तेथून जवळच्या डोंगरांत शेनाउ नावाचे अडीच हजार वस्तीचे गाव आहे. चेर्नोबिलनंतर तेथील काही आईबापांनी प्रथम आपापल्या घरची वीज वाचविण्यास आरंभ केला. मग कंपनी ऐकेना, तेव्हा दोनदा गावाचे मत घेऊन, लोकांकडून पैसा उभारून, १९९७ मध्ये गावातील विजेच्या तारांचे जाळेच त्यांनी विकत घेतले. ह्या कामाला अकरा वर्षे लागली. घोषणा देण्यास एक दिवस पुरतो.

तराजूचे दुसरे पारडेही पाहणे न्यायाचे होय. जर्मनीने अणुभट्ट्या बंद केल्या, पण कोळसा मात्र जाळीतच राहिली. २०२३ मध्ये त्या देशाच्या विजेच्या वापरापैकी निम्म्याहून अधिक वीज वारा, ऊन इत्यादींपासून निघाली हे खरे, तरी कोळशाचा वाटाही मोठा होता, आणि कोळशाच्या धुराने पृथ्वीचा ताप वाढतो. ह्यासाठीच फिनलंडच्या हरित पक्षाने २०२२ मध्ये आपले जुने धोरण बदलून अणुवीज स्वीकारार्ह मानली. एकाच ध्येयाची माणसे दोन देशांत दोन निर्णयांना पोहोचली. अणुविरोध हाच धर्म आणि अणुसमर्थन हेच पाप, असे म्हणणाऱ्याने एवढे लक्षात ठेवावे.

आता दूरदेश सोडून आपल्या अंगणात येऊ. गोव्याच्या सीमेपासून फार दूर नाही, अशा कारवार तालुक्यात, काळी नदीच्या काठी, दाट रानात कैगा अणुवीज केंद्र आहे. ह्या नदीने विजेसाठी आधीच पुष्कळ दिले होते. सुपे गाव धरणाच्या पाण्याखाली गेले, हे त्या भागातील आमचे वाचक जाणतात. अशा खोऱ्यात अणुकेंद्र येणार म्हणताच विरोध उठला. त्या विरोधाच्या अग्रभागी ज्ञानपीठ पारितोषिकाने गौरविलेले थोर कन्नड साहित्यिक डॉ. शिवराम कारंत होते. १९८९ मध्ये, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, ते त्या जिल्ह्यातून लोकसभेच्या निवडणुकीस अपक्ष म्हणून उभे राहिले. त्यांना सत्ता नको होती. रानाचा आणि नदीचा प्रश्न मतपेटीपुढे यावा, एवढ्यासाठी ते उन्हातान्हात गावोगाव फिरले. ते निवडून आले नाहीत. केंद्राचे बांधकाम त्याच वर्षी सुरू झाले.

मग काय झाले? मे १९९४ मध्ये बांधकाम चालू असताना पहिल्या भट्टीच्या घुमटाचा आतील भाग कोसळला. भट्टी सुरू झालेली नव्हती, म्हणून किरणांचा अपघात टळला. घुमटाची रचना नव्याने करावी लागली आणि २००० साली पहिल्या दोन भट्ट्या रीतसर चालू झाल्या. २००९ च्या नोव्हेंबरात तेथील पिण्याच्या पाण्याच्या शीतपेटीत किरणोत्सारी ट्रिटियम मिसळलेले आढळले आणि पन्नासहून अधिक कामगारांच्या शरीरात ते गेले. दुसऱ्या बाजूने, त्याच केंद्रातील पहिली भट्टी २०१६ च्या मेपासून २०१८ च्या डिसेंबरअखेरपर्यंत सलग ९६२ दिवस न थांबता चालली आणि त्या वेळी तो जगात विक्रम ठरला. हेही तेथील कामगारांच्या व अभियंत्यांच्या दक्षतेचेच फळ होय. त्यांच्यांत आपलीही मुले आहेत. आता तेथे प्रत्येकी ७०० मेगावॅटच्या आणखी दोन भट्ट्या योजिल्या आहेत. त्यांच्यासाठी २०१८ मध्ये जनसुनावणी झाली, तेव्हा स्थानिक लोकांनी आपले आक्षेप मांडले.

ह्या विषयात पवित्र सभेचा आदेश काय, असे विचारले जाते. अणुवीज घ्यावी अथवा घेऊ नये, असा कोणताही श्रद्धासिद्धांत नाही. अणुशक्तीच्या शांततामय उपयोगासाठी १९५७ मध्ये जी आंतरराष्ट्रीय संस्था निघाली, तिचे सभासदत्व परमपीठाने आरंभापासूनच स्वीकारले आहे. उलट, फुकुशिमाची होरपळ पाहिलेल्या जपानच्या बिशपांनी २०११ मध्ये आपल्या देशातील अणुकेंद्रे तत्काळ बंद करण्याचे आवाहन केले. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ च्या आपल्या परिपत्रकात एक मार्ग दाखविला आहे. ज्या योजनेने भूमी, पाणी आणि माणसे ह्यांवर परिणाम होणार, तिच्या विचारविनिमयात तेथील रहिवाशांना खास स्थान असले पाहिजे, आणि भरून न येणाऱ्या हानीचा संभव दिसत असल्यास ती होणार नाही हे सिद्ध करण्याचे ओझे योजना आणणाऱ्यावर आहे. तामिळनाडूत कूडनकुळमच्या केंद्राशेजारी इडिंदकरै नावाचे कॅथलिक कोळ्यांचे गाव आहे. तेथील लोक २०११ पासून लूर्द मातेच्या मंदिराच्या आवारात उपोषणास बसले, ते हेच स्थान मागण्यासाठी. केंद्र थांबले नाही. परंतु विचारल्यावाचून आमच्या दाराशी काही आणू नका, हे म्हणण्याचा त्यांचा हक्क कोणी खोटा ठरवू शकत नाही.

मग आपल्या गावावर असा प्रसंग आला तर काय करावे? केंद्र अणूचे असो, कोळशाचे असो, खाण असो की धरण असो, आमचे सांगणे तेच राहील. सुनावणीची सूचना लागली तर ती वाचा, आणि वाचता न येणाऱ्या शेजाऱ्याला वाचून दाखवा. त्या दिवशी शेतीचे काम बाजूला ठेवून जा, स्त्रियांना बरोबर न्या, आक्षेप लिहून द्या आणि पोच घ्या. ऐकीव भीतीवर बोलू नका आणि ऐकीव आश्वासनावर सही करू नका. वीलच्या शेतकऱ्यांनी जसे केले, तसे जाणत्या माणसाला गावात बोलवा. ज्याला केंद्राचा फायदा आहे त्याचेही ऐका आणि ज्याला तोटा आहे त्याचेही. मत मागावयास येणाऱ्या उमेदवाराला, तो कोणत्याही पक्षाचा असो, विचारा की, आमच्या नदीविषयी आपले म्हणणे काय? दगड हाती घेऊ नका. हाती दगड आला की तुमचे म्हणणे कोणी ऐकत नाही.

आणि ज्यांनी होकार दिला, त्यांना वाळीत टाकू नका. वीलमध्ये ५५ टक्के एका बाजूला होते आणि उरलेले दुसऱ्या. रान वाचले, पण त्या जखमा भरून येण्यास पुष्कळ काळ जावा लागला. वेदीपाशी दोन्ही बाजूंची माणसे एकाच रांगेत येतात. ती रांग मोडता कामा नये, एवढी आमची विनवणी आहे.

शेवटचे मागणे सर्वांत अवघड आहे. ज्या घरातून ‘अणुकेंद्र नको’ असा आवाज निघेल, त्या घराने विजेचा हिशेबही ठेवावा. रिकाम्या खोलीत दिवा जळतो काय, सणाच्या रोषणाईत किती वीज जाते, मंदिराच्या छपरावर व शाळेच्या छपरावर सूर्यशक्तीची तबके बसविता येतील काय, हे प्रश्न धर्मग्रामाच्या सभेत निघावेत. नको म्हणणे हा आपला हक्क आहे. मग काय हवे, हे सांगणे आणि त्यासाठी स्वतः झीज सोसणे, हे त्यानंतरचे कर्तव्य होय. शेनाउच्या आईबापांनी ते अकरा वर्षे केले. आपण ह्या महिन्याचे विजेचे देयक आले की, ते सर्वांनी मिळून एकदा वाचावे, आणि तेथून आरंभ करावा.